पेशीविना जिवाणू वाढतो का?

प्रश्न : पेशींच्या आतच राहणारे जिवाणू प्रयोगशाळेत पेशींशिवाय वाढवता येतात का?
– बीएस्सीची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : काही येतात. व्हिपल आजाराचं (मुख्यतः आतड्यांच्या एका दुर्मीळ जिवाणूजन्य आजाराचं) वर्णन १९०७ सालचं, पण त्याचा जिवाणू नीट वाढला तो २००० साली, तोही मानवी पेशींत. पुढे त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचल्यावर दिसलं, की नऊ अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) त्याला स्वतः बनवता येत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी ती माध्यमात, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या पोषक मिश्रणात, पुरवली आणि २००३ मध्ये तो पेशींविना वाढला. ठाण्यात माझ्या वर्गात पोषक माध्यमं शिकवताना हे उदाहरण मी आवर्जून देते. भूक जीनोममधून ओळखली, केवढी सुंदर गोष्ट! कुष्ठरोगाचा जिवाणू मात्र १८७३ पासून ठाऊक असूनही अजून प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. त्याची कितीतरी जनुकं निकामी झाली आहेत. त्यासाठी आजही उंदराचा पंजा किंवा आर्माडिलो हा कवचधारी प्राणी लागतो.