क्यूआर कोड स्कॅन झाला, म्हणजे बियाणे अस्सल का?

प्रश्न : सोयाबीनच्या पिशवीवरचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला. कंपनीचे नाव आणि वाणाची माहिती आली. आता पेरायला हरकत नाही ना?

उत्तर : थोडे थांबा. स्कॅन केलेत हे उत्तम, पण कोडाचीही नक्कल निघते. बनावट माल भरणारा एका खऱ्या पिशवीचा कोड शेकडो पिशव्यांवर छापू शकतो. म्हणून मोबाइलवर जे उघडले ते हातातल्या पिशवीशी जुळते का, ते पाहा. वाण, लॉट नंबर (बियाण्याच्या त्या खेपेचा क्रमांक), चाचणीची तारीख, वैधता, वजन एकेक ताडून बघा. नुसती कंपनीची जाहिरात उघडली आणि लॉट नंबर कुठेच नसेल, तर त्या स्कॅनवरून काहीच सिद्ध होत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘साथी’ पोर्टलचे लेबल असेल, तर बियाणे कुठून आले याचा माग लागतो. हे सारे दुकानातच करा, पैसे देण्याआधी.

मोबाइलचा खरा उपयोग मात्र पुढे आहे. उगवण झाली नाही म्हणून शेतकरी आमच्या कृषी कार्यालयात येतात, तेव्हा अनेकदा हातात ना पिशवी असते ना बिल. आम्ही पंचनामा करतो, पण लॉट नंबरच नसेल तर जबाबदार कोणाला धरायचे? फार वाईट वाटते. म्हणून पिशवीच्या दोन्ही बाजूंचे, टॅगचे आणि पक्क्या बिलाचे फोटो उजेडात काढा. बिलावर लॉट नंबर लिहूनच घ्या. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की बारीक अक्षरे पुसट होतात, ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पिशवी खालून फोडा, म्हणजे टॅग शाबूत राहील. तिच्यात मूठभर बियाणे ठेवून ती हंगाम संपेपर्यंत जपा.

उगवण मोबाइल सांगत नाही. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, अस्सल बियाणेही हाताळणीत खराब होते. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवा. किमान ७० उगवायला हवेत.

प्रश्न : गावात एक जण फोनवर ऑर्डर घेऊन कपाशीचे बियाणे घरपोच देतो. तणनाशक मारले तरी पीक मरत नाही म्हणतो. बिल मात्र देत नाही.

उत्तर : हे ‘चोर बीटी’. घेऊ नका. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला आपल्या देशात लागवडीची मान्यता नाही. त्या पाकिटात काय भरले आहे याची हमी कोणी देत नाही, आणि पीक गेले तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? त्याचे मेसेज पुसू नका. तालुका कृषी कार्यालयाला दाखवा किंवा १८०० २३३ ४००० या टोल फ्री क्रमांकावर कळवा. साध्या फोनवरूनही तो लागतो.

कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या भंगारात देऊ नका. त्याच बाटल्यांत बनावट औषध भरून पुन्हा विकले जाते. फवारणीचा गुण दिसेपर्यंत बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, मग भोके पाडून निकामी करा.