रावेरची मुलगी, समुद्रतळाचा गाळ

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बंदरांसाठी समुद्रतळ उपसल्यावर तिथल्या जीवांचं पुढे काय होतं, हे तिला अभ्यासायचंय. रावेरहून समुद्र लांब आणि तिला पोहता येत नाही, ही आपली काळजी.

पोहण्याचं सोडा, हे काम गाळाचं आहे. बोटीवरून 'ग्रॅब' नावाचा लोखंडी जबडा सोडून तळाचा साधारण 0.1 चौरस मीटर गाळ उचलतात, एका जागी किमान तीनदा. तो 0.5 मिलिमीटरच्या चाळणीत धुऊन उरलेले जीव फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली आठवडेच्या आठवडे मोजणी. जबड्यात शिंपला अडकला की गाळ वाटेतच निसटतो. तो नमुना फेकायचा, मोजायचा नाही.

खरी मेख पुढे आहे. उपसा थांबला की कॅपिटेलासारखे कृमी आधी गर्दी करतात. एकूण संख्या फुगते आणि अहवालात 'तळ पूर्ववत' असं लिहून मोकळे होतात! हळू वाढणारे शिंपले परतायला मात्र वर्षं लागतात. खोल केलेल्या भागात बारीक गाळ साचून तळाचा पोत बदलला, तर जुने जीव परततीलच असं नाही. शिवाय बंदराचा मार्ग पुन्हा पुन्हा उपसला जातो, म्हणजे सावरायला उसंतच नाही. म्हणून उपशाआधीचे-नंतरचे आणि उपसलेल्या-न उपसलेल्या जागांचे नमुने, सगळेच लागतात. आधीचा नमुना मेमधला नि नंतरचा ऑक्टोबरमधला असला, तर पावसाळ्याने घडवलेला बदल उपशाच्या माथी बसतो.

त्यामुळे पोहण्याआधी संख्याशास्त्र आणि 'आर' ही आकडेमोडीची संगणकीय भाषा शिकू द्या. पदव्युत्तरसाठी गोवा विद्यापीठ किंवा कोचीचं कुसॅट (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ), नंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. संशोधनासाठी गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तिचं केंद्र मुंबईतही आहे. 2006च्या पर्यावरण अधिसूचनेमुळे बंदर प्रकल्पांना परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे सल्लागार कंपन्यांत कामं निघतात. पण ती बहुतेक प्रकल्पापुरती. कायम जागा थोड्या, हे धरूनच चाला.

सराव तापीत होतो. चार इंची प्लॅस्टिक पाइप काठालगतच्या गाळात दहा सेंटिमीटर रोवून नमुना घ्यायचा; वाळू उपशाच्या जागेपासून प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, प्रत्येकी पाच. तीच चाळणी, तीच मोजणी. मात्र वाळूच्या ठेक्याजवळ एकटीला पाठवू नका, प्राध्यापकांसोबतच जाऊ द्या.