हॉस्पिटलचे मॉड्युल बनवणाऱ्या फॅक्टरीत यायचंय? पगाराआधी ऑर्डर किती आहेत ते विचार

पुण्यातलं एमईपीचं (इमारतीतल्या एसी, वायरिंग, प्लंबिंगचं) काम सोडून इंग्लंडमधल्या मॉड्युलर हॉस्पिटलच्या फॅक्टरीची ऑफर घेऊ का, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी, असं तू विचारलंयस. व्हिसाची फी, पगाराची अट हे सगळं सरकारी साईटवर आहे, ते सांगत बसत नाही. मी मिडलंड्समध्ये हेच काम करते, आणि तुझा प्रश्न वाचल्यापासून जरा अस्वस्थच आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घे.

प्रीफॅब हॉस्पिटल म्हटलं की आपल्याकडे लोकांना २०२० चं वुहान आठवतं, दहा दिवसांत हजार बेड. इथलं तसं नाही, इमारत पक्कीच असते, फक्त तिचे भाग शेडमध्ये तयार होतात. बाथरूम पॉड, म्हणजे अख्खं तयार बाथरूम, टाइल्स, कमोड, नळ लावूनच निघतो, कॉरिडॉरच्या छतातले रॅक डक्ट, केबल ट्रे, गॅसचे पाईप बांधून ट्रेलरवर जातात. वेल्समधलं ग्रेंज हॉस्पिटल बघ, काँक्रीटचे भाग फॅक्टरीत ओतलेले, नोव्हेंबर २०२० मध्ये ठरल्यापेक्षा काही महिने आधीच सुरू झालं.

आपली 'साईटवर बघून घेऊ'ची सवय मात्र मोडावी लागते. ड्रॉइंग फ्रीझ झालं, म्हणजे पक्कं ठरलं, की झालं, नंतर कुणाला ऑक्सिजनचा पॉइंट बेडच्या दुसऱ्या बाजूला हवा असेल तर तो बदल सगळ्या एकसारख्या खोल्यांमध्ये करायचा. गॅसच्या कॉपर पाईपचे जॉइंट आतून नायट्रोजन सोडून ब्रेझ करायचे (तापवून वितळलेल्या धातूने जोडायचे), फॅक्टरीत टेस्ट, साईटवर मॉड्युल जोडले की परत टेस्ट, ऑक्सिजनच्या पॉइंटमधून ऑक्सिजनच येतोय ना हे एकेका ठिकाणी तपासायचं. मला हे काम आवडतं, खोटं कशाला बोलू. फक्त घरी सांगायचं हॉस्पिटल बांधतेय आणि दिवस जातो पत्र्याच्या शेडमध्ये.

आता मेन मुद्दा. फॅक्टरीला दर महिन्याला काम लागतं, आणि हॉस्पिटलचं काम येतं सरकारच्या मर्जीने. २०२० मध्ये म्हणाले २०३० पर्यंत चाळीस हॉस्पिटलं, जानेवारी २०२५ मध्ये नवं वेळापत्रक आलं त्यात बरीचशी पार पुढच्या दशकात ढकलली. शेडचं भाडं थोडीच थांबतं? कॅलिडोनियन मॉड्युलर ही अशीच मॉड्युल बनवणारी कंपनी २०२२ मध्ये बुडाली, इल्के होम्स २०२३ मध्ये (ती घरांवाली, पण दुखणं तेच). आणि तुझा व्हिसा कंपनीला बांधलेला, ती गेली की साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर (व्हिसासाठी नोकरी देणारी कंपनी) शोध नाहीतर बॅगा भर. म्हणून विचार, सह्या झालेलं काम किती महिन्यांचं आहे, आणि जेलची कामं घेता का. हसू नकोस, जेलच्या खोल्याही एकसारख्याच असतात.

शाळेचं सांगते, कारण ते अजून टोचतं. इथे रिसेप्शन ते इयर टू, म्हणजे शाळेच्या पहिल्या तीन वर्षांत, एका वर्गात तीसच्या वर मुलं घेत नाहीत, कायदाच आहे. आम्ही आलो वर्षाच्या मध्यात, घरामागची शाळा फुल, पोराला मिळाली दोन बस बदलून जायची. तिथे नाशिकला इंग्लिश मीडियममध्ये होता हे सांगून सांगूनही त्याला इंग्रजी कच्चं असलेल्यांच्या गटात बसवलं. वेटिंग लिस्टमधून जवळची मिळाली तोवर त्याचे मित्र झालेले, मग तोच जाईना. तो आता विसरलाय, मी नाही. तुम्ही शक्यतो सप्टेंबर गाठा, आणि घर घेण्याआधी कौन्सिलला (इथली नगरपालिका म्हण) फोन करून जागा कुठल्या शाळेत आहे ते विचारा.

एकटेपणाचं म्हणशील तर होतो, गणपतीत चार लोक भेटतात, चालतं.

नवऱ्याचं जास्त अवघड आहे. तिकडे बँकेत चांगल्या पोस्टवर होता, इथे गोडाऊनमध्ये नाईट करतो, सासूबाईंना मी फोनवर 'लॉजिस्टिक्समध्ये आहे' म्हणते आणि तो शेजारी बसून ऐकतो. आम्ही यावर बोलत नाही. त्यामुळे तुला ये म्हणू की नको हे मला खरंच ठरवता येत नाहीये. तुझी बायको काय करते ते तू लिहिलंच नाहीस. नोकरी करत असेल तर तिचा सीव्ही आत्ताच इथल्या एजन्सींना पाठवायला लाग, काय उत्तरं येतात ते दोघं मिळून बघा, तोवर ऑफरवर सही करू नकोस.