नाताळच्या सुट्टीत स्पेन: नागपूरकरांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघं, ९ आणि १३ वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. २३ डिसेंबरच्या रात्री नागपूरहून निघून ५ जानेवारीला परतीचं विमान धरायचं आहे. बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा आणि शेवटी माद्रिद असा बेत आहे. जमेल का? (धरमपेठ)

सहा शहरं जमणार नाहीत, चार जमतील. शिवाय क्रम उलटा करा. हिवाळ्यात स्पेनचा बेत फसतो तो थंडीमुळे नाही, कॅलेंडरमुळे.

तुमच्या बेताप्रमाणे २४ तारखेला तुम्ही बार्सिलोनात उतरता. त्या संध्याकाळी लोक घरी जेवायला जातात आणि दुकानं, हॉटेलांची स्वयंपाकघरं लवकर मिटतात. २५ ला नाताळ. २६ ला उरलेल्या बहुतेक स्पेनमध्ये कामकाज सुरू होतं, पण बार्सिलोना ज्या प्रांतात येतं त्या कातालोनियात सेंट स्टीफनची सुट्टी असते, म्हणजे बार्सिलोनात सुपरमार्केटही बंद. सहा माणसं, त्यांतली दोन म्हातारी, आणि दोन दिवस दूधही मिळायची मारामार. तेच माद्रिदमध्ये उतरलात तर २६ ला शहर उघडलेलं असतं.

म्हणून असं करा. २४ ते २७ माद्रिद. २५ ला प्रादो संग्रहालय पूर्ण बंद असतं, तो दिवस रेतिरो बागेत फिरण्यात आणि रात्रीची रोषणाई पाहण्यात घालवा. प्रादो २६ ला. अठरा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट पडत नाही. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ सगळ्यांनाच मोफत प्रवेश असतो, पण त्यासाठी थंडीत लांब रांग लावावी लागते. सासू-सासरे सोबत असताना तो मोह टाळा आणि सकाळी तिकीट काढून जा.

२७ ला दुपारी ग्रानादा, २८ ला तिथला आल्हाम्ब्रा हा महाल-बागांचा किल्ला. २९ ला सेव्हिल, तिथे तीन रात्री. कोर्दोबाला मुक्काम नको, सेव्हिलहून जलद गाडीनं पाऊण तासाचं अंतर आहे, ३० ला जाऊन या. १ जानेवारीला बहुतेक सगळं बंद, तो प्रवासाचा दिवस ठेवा. सेव्हिल ते बार्सिलोना थेट गाडीला साधारण साडेपाच तास लागतात. सकाळच्या गाड्या त्या दिवशी कमी असतात, दुपारची धरा. मग २ ते ५ बार्सिलोना आणि तिथूनच परत. उतरायचं एका शहरात आणि परतायचं दुसऱ्या शहरातून, हे तिकीट एकत्रच काढता येतं आणि बरेचदा फारसं महाग पडत नाही. व्हॅलेन्सिया पुढच्या खेपेला.

आल्हाम्ब्राचं तिकीट मात्र विमानाच्या तिकिटानंतर लगेच काढा, कारण नाताळच्या आठवड्यातली तिकिटं फार आधी संपतात. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि पासपोर्ट पाहिला जातो. बारा वर्षांखालच्या मुलाला पैसे पडत नाहीत, पण त्याचंही तिकीट नोंदवावं लागतं. बहुतेक गडबड इथेच होते: मोठ्यांची काढली, लहान्याचं राहिलं आणि तोवर जागा संपल्या. आत नासरीद महालांसाठी ठरावीक वेळ दिलेली असते. ती चुकली की महाल गेले, बाकीचा किल्ला आणि बागा तेवढ्या पाहायच्या. मुख्य दारापासून महालांपर्यंत ज्येष्ठांच्या चालीनं वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तिकीट आधीच हातात असेल तर गावातून सी-३० किंवा सी-३२ ही छोटी बस धरा आणि 'पुएर्ता दे ला जुस्तिसिया' या दरवाजाच्या थांब्यावर उतरा. तिथून महाल जवळ पडतात आणि गुडघे वाचतात. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोन दिवशी आल्हाम्ब्रा बंद असतं.

गुडघ्यांवरून आठवलं, सेव्हिलच्या कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा उंच असला तरी जवळजवळ शेवटपर्यंत पायऱ्या नाहीत, रॅम्पसारखा चढ आहे. मुळात हा मशिदीचा मनोरा, अजान देणाऱ्या मुअज्जिनला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसा बांधला, असं सांगतात. सासरे हळूहळू चढू शकतील.

प्रश्न : आपल्याकडे डिसेंबरात पारा ८-१० पर्यंत उतरतोच. मग जाड कोट, बूट असा खर्च करावा का? (मनीषनगर)

रात्रीच्या आकड्यांवर जाऊ नका. नागपुरात पहाटे ९ असलं तरी दुपारी २७-२८ होतं, अंग शेकून निघतं. माद्रिदला जानेवारीत दुपारीच कसंबसं १० च्या आसपास, रात्री २-३. ग्रानादा साधारण ७०० मीटर उंचीवर, तिथे रात्री शून्याजवळ. सेव्हिलला दुपारी १६, बार्सिलोनाला १४. म्हणजे ऊब कुठे मिळतच नाही, ती अंगावर बाळगावी लागते. बर्फातला जाडजूड कोट नको. अंगाला चिकटून थर्मलचे दोन जोड, वर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. कानटोपी आणि हातमोजे मुलांचे दोन-दोन जोड घ्या, एक हरवतोच. बूट रबरी तळव्याचे हवेत. आंदालुसियात, म्हणजे सेव्हिल-कोर्दोबा-ग्रानादाच्या दक्षिण प्रांतात, पाऊस मुख्यतः हिवाळ्यातच पडतो आणि जुन्या गल्ल्यांतले गुळगुळीत दगड ओले झाले की घसरायला होतं.

खरी थंडी घरात वाजते, हे फारसं कुणी सांगत नाही. सेव्हिल-ग्रानादाकडची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली: फरशी टाइल्सची, भिंती जाड, खिडक्या सैल. भाड्याचा फ्लॅट घेताना 'कालेफाक्सियोन' म्हणजे खोल्या तापवायची सोय आहे का आणि ती प्रत्येक खोलीत आहे का, हे लेखी विचारा. बरेचदा एकच एसी उलटा फिरवून बैठकीची खोली गरम करतात आणि झोपायच्या खोल्या गारच राहतात. गरम पाण्याची टाकी किती लिटरची, हेही विचारून घ्या. टाकी ५० लिटरची असेल तर सहा जणांची अंघोळ एका दमात होत नाही. तिसऱ्याच्या डोक्यावर गार पाणी येतं. घरातल्या सपाता न्यायला विसरू नका.

उजेडाचंही बघा. डिसेंबरअखेर माद्रिद-सेव्हिलला सूर्य साडेआठनंतर उगवतो. देशाचा बहुतेक भाग ग्रीनिचच्या रेषेच्या पश्चिमेला, पण घड्याळ १९४० पासून मध्य युरोपचं, त्याचा हा परिणाम. आपण साडेचार तास पुढे, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला पहाटे तीन-चारलाच जाग येणार. नाश्त्याचं सामान खोलीत असू द्या, कारण बाहेर मिट्ट काळोख आणि सगळं बंद. बार्सिलोनातल्या साग्रादा फामिलिया चर्चचं तिकीट मात्र दुपारी तीनच्या सुमाराचं घ्या. सूर्य पश्चिमेला कलला की त्या बाजूच्या काचांतून लाल-केशरी उजेड थेट खांबांवर उतरतो. सकाळी पूर्वेकडून हिरवा-निळा असतो, तोही छान, पण हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात दुपारचा जास्त रंगतो.

प्रश्न : आई कडक शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. बाबांना भात-पोळी लागते. तिकडे हॅमशिवाय काही मिळत नाही म्हणतात. (महाल)

मिळतं, पण 'शाकाहारी' एवढाच शब्द सांगून भागत नाही. हॅमला अनेक जण मांस समजतच नाहीत, ते चवीपुरतं घालतात. म्हणून एकेक गोष्ट नाव घेऊन नाकारा: "सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो", म्हणजे मांस, हॅम, मासा, अंडं नको. कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून वेटरच्या हातात द्या, उच्चाराची कटकट नको.

आईंना निर्धास्त खाता येईल असं: टोमॅटो चोळलेला पाव, पिमियेन्तोस दे पाद्रोन म्हणजे तेलात परतलेल्या छोट्या मिरच्या, भाजलेल्या वांगी-ढोबळी मिरचीची एस्कालिवादा. सेव्हिलमध्ये 'एस्पिनाकास कोन गारबान्सोस' मागवा. पालक आणि काबुली चणे, त्यात जिरं आणि लसूण. बाबा पावाबरोबर आनंदानं खातील. कोर्दोबात वांग्याचे तळलेले काप काकवीसारख्या पाकाबरोबर देतात. चुर्रो म्हणजे मैदा, पाणी, मीठ यांचं पीठ तळून केलेलं, सहसा अंडं नसतं. फक्त त्याच कढईत दुसरं काही तळतात का, ते विचारा. रस्त्यावर कोळशावर भाजलेले चेस्टनट मिळतात, तेही चालतील.

फसवणारे पदार्थ वेगळे. बटाट्याची 'तोर्तिया' ही अंड्याचीच असते. 'वेहेताल' नावाच्या सँडविचमध्ये टूना मासा आणि अंडं निघतं. डाळीच्या, चण्याच्या आमटीत चोरिझो सॉसेज. भाज्यांच्या पाएयाचा भात मांसाच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. साल्मोरेखो या गार टोमॅटो सूपवर हॅमचा चुरा आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात. आणि नाताळात जिथे तिथे समोर धरतात त्या 'पोल्वोरोन' आणि 'मान्तेकादो' या खुसखुशीत वड्यांत डुकराची चरबी असते. दुकानात पुडा उलटा करून 'मान्तेका दे सेर्दो' हे शब्द शोधा. तुर्रोन म्हणजे बदामाची चिक्कीवजा मिठाई, तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांत अंड्याचा पांढरा बलक असतो, तेही वाचून घ्या.

जेवणाच्या वेळा सांभाळा. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. सातला जेवणारे म्हातारे आणि मुलं असतील तर एक फ्लॅट स्वयंपाकघरासह घ्या. माद्रिदमध्ये लावापिएस आणि बार्सिलोनात राबाल या भागांत भारतीय उपखंडाच्या किराण्याची दुकानं आहेत. कणीक, तूरडाळ, मसाले मिळतात.

घरून काय न्यावं? युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, खवा, पेढे आणि खव्याची संत्रा बर्फी घरीच. बहुतेक ताजी फळंही रोपआरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, तेव्हा संत्र्यांची पिशवीही नको. पोहे, भाजणी, चिवडा, मेतकूट, तेलावरचे ठेपले, सुक्या चटण्या नेता येतात. लोणचं नेलंच तर चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत.

संत्र्यांचं निघालंच आहे तर, सेव्हिलच्या रस्त्यांवर जानेवारीत झाडं संत्र्यांनी लगडलेली दिसतील. नागपूरची मुलं तोडायला धावणार. ती जात कडू आणि आंबट, मार्मालेडची. एक फोड तोंडात टाकली की पुढची मागणार नाहीत.

प्रश्न : व्हिसासाठी कधी अर्ज करावा? नकार कशामुळे येतो? (वर्धा रोड)

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निकालाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत जाऊ शकतात. नाताळासाठी सप्टेंबरात अर्ज करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीची गर्दी असते आणि अर्ज द्यायला अपॉइंटमेंट मिळत नाही. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाखाली नाही. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बाराखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत.

नकाराची नेहमीची कारणं साधी असतात. हॉटेलच्या रात्री आणि प्रवासाच्या बेतातल्या रात्री जुळत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि निघण्यापासून परतण्यापर्यंत एकही दिवस सुटता कामा नये. बँकेत अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरलेली दिसली की संशय येतो. स्पेनबरोबर पॅरिस किंवा लिस्बन जोडत असाल, तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबरच जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू असावा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला असावा.

विमानाबद्दल एक सूचना. दिल्लीमार्गे जाणार असाल तर डिसेंबरअखेरचं धुकं गृहीत धरा. नागपूर-दिल्ली आणि दिल्ली-माद्रिद ही तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढच्याचे पैसे बुडतात. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असला तर पुढची सोय करणं विमान कंपनीवर येतं. मुंबईमार्गे जाणार असाल, तर डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की नागपूर-मुंबईची तिकिटं कशी चढतात ते इथल्यांना सांगायला नको.

प्रश्न : गाड्यांत सामान कितपत नेता येतं? पाच मोठ्या बॅगा आहेत. (कामठी)

पाचाच्या तीन करा. जलद गाड्यांत डब्याच्या टोकाला सामानाची जागा असते, ती आधी चढणाऱ्यांनी भरते आणि मोठी बॅग डोक्यावरच्या फळीत मावत नाही. मोठ्या स्थानकांवर जलद गाडीआधी बॅगा मशीनमधून जातात. फलाटाचं दार गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी मिटतं आणि मिटलं की उघडत नाही, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा. काही मार्गांवर दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या धावतात. स्वस्त तिकिटात मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे पडतात, ते जमेस धरूनच तुलना करा. माद्रिदमध्ये आतोचा आणि चामार्तिन ही दोन मोठी स्थानकं आहेत, तिकिटावरचं नाव नीट वाचा. साध्या टॅक्सीत चौघंच बसतात. सहा जण असाल तर मोठी गाडी आधी सांगून ठेवा.

कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून निघण्यापूर्वी सुरू करून घ्या. मशीननं 'रुपये की युरो' विचारलं तर युरोच निवडा, रुपयांत दर वाईट लागतो.

प्रश्न : मुलांना बर्फ पाहायचा आहे. माद्रिदमध्ये पडतो का? (प्रतापनगर)

त्या भरवशावर जाऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये माद्रिद बर्फाखाली गेलं होतं, पण तो अपवाद. बर्फ हवा तर ग्रानादात एक रात्र वाढवा. तिथून सिएरा नेवादाच्या स्की गावापर्यंत बसनं साधारण तासभर. गाव सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. बसच्या फेऱ्या मोजक्या, म्हणून परतीचं तिकीट सकाळीच घ्या. मुलांना जलरोधक पँट आणि हातमोजे तिथे भाड्यानं मिळतात का ते आदल्या दिवशी पाहा. जीन्स भिजली तर अर्ध्या तासात मुलं रडायला लागतात.