स्मार्ट स्पीकर घ्यावा की वेगळा हब?

दोन बेडरूमच्या फ्लॅटमधले आठ-दहा दिवे आणि दरवाजाचा सेन्सर जोडायला नुसता स्पीकर पुरेल का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते स्पीकरचा आवाज नंतर ऐकावा. आपली उपकरणे कोणत्या तंत्रावर चालतात, ते आधी पाहावे. दिवे वाय-फायचे असतील तर साधा स्पीकर पुरतो, मात्र असे बहुतेक दिवे राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ या वाय-फाय पट्ट्यावरच जोडले जातात. दरवाजाचा सेन्सर छोट्याशा सेलवर महिनोन्‌महिने चालावा लागतो, म्हणून तो सहसा झिग्बी किंवा थ्रेड या कमी वीज खाणाऱ्या बिनतारी तंत्रांवर चालतो आणि त्याला हब, म्हणजे अशा उपकरणांना घरच्या नेटवर्कशी जोडणारा मधला दुवा, लागतोच. चौथ्या पिढीच्या अ‍ॅमेझॉन एको या स्मार्ट स्पीकरमध्ये झिग्बी हब अंगभूत आहे, पण त्याच पिढीच्या एको डॉट या छोट्या स्पीकरमध्ये तो नाही. दिसायला दोन्ही गोल असल्याने खरेदीत इथेच चूक होते. नवी उपकरणे शक्यतो २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सामायिक मानकाची घ्यावीत, म्हणजे उद्या स्पीकरची कंपनी बदलली तरी दिवे बदलावे लागत नाहीत.

इंटरनेट गेल्यावर बोलून दिलेल्या आज्ञा बहुधा चालत नाहीत. हबमध्येच साठवलेले नियम मात्र चालू राहतात, त्यामुळे घरात वयस्कर माणसे असतील तर मी हबच सुचवेन. आणखी एक गोष्ट: आमच्या आई सवयीने भिंतीवरचे बटण बंद करायच्या आणि मग दिवा कोणत्याच आज्ञेला दाद देत नसे. अशा घरात स्मार्ट दिव्यांऐवजी बटणामागे बसणारे स्मार्ट रिले (बटणाने आणि आज्ञेने, दोन्हींनी दिवा चालू-बंद करणारे छोटे स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावेत.