गाडीचा भाव नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय. पुण्यातल्या एका डीलरकडे त्यांनी २०२० ची बलेनो बघितली आहे. पेट्रोल, ५२ हजार किलोमीटर, पहिलाच मालक. डीलर ६ लाख २५ हजारांवर अडून आहे आणि यांना ती ६ लाखांत हवी आहे. प्रश्न एवढाच: 'हे शेवटचे २५ हजार कसे कमी करून घेऊ?'

वय ३४, हातात येणारा पगार ५२ हजार, घरात पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि आई-वडील. बँकेत सव्वातीन लाखांची एफडी, त्यातले सव्वा लाख मोडून डाउन पेमेंट. उरलेले पाच लाख डीलरच्याच ओळखीच्या फायनान्स कंपनीकडून, 'फक्त साडेनऊ टक्के फ्लॅट' दराने, पाच वर्षांसाठी. दहा हजार बयाणा दिला आहे, कर्जाच्या कागदांवर सही अजून व्हायची आहे. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: 'लोन पास व्हायला पॉलिसी लागते म्हणाले, म्हणून वर्षाला ५० हजारांची एक पॉलिसी घेतली. दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी साधारण साडेआठ लाख मिळतील. मुलीच्या शिक्षणाला होतील, शिवाय ८०सी चा फायदा. पॉलिसी बारा दिवसांपूर्वी ईमेलने आली.'

गाडीचे २५ हजार बहुतेक कमी होतील. कसे, ते सांगतो. पण तुमचं खरं नुकसान त्या शेवटच्या चार ओळींत आहे आणि ते थांबवायला तुमच्याकडे जेमतेम अडीच आठवडे उरलेत.

कर्जासाठी पॉलिसी लागत नाही. कर्ज देताना विम्याची सक्ती करता येत नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते खोटं होतं, आणि सांगणाऱ्याला त्या पॉलिसीवर कमिशन मिळतं.

आता त्या साडेआठ लाखांकडे बघा. दरवर्षी ५० हजार, दहा वर्षं, म्हणजे पाच लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर साडेआठ लाख हातात. हा परतावा वर्षाला जेमतेम पाच टक्के पडतो. त्यातही बोनस धरून सांगितलेला आकडा असेल तर तेवढ्याचीही खात्री नाही. कागदावर 'हमी' या शब्दापुढे कोणती रक्कम लिहिली आहे ती शोधा. आणि हे पाच टक्के मिळवायला तुम्ही ५० हजार बाजूला काढताय त्याच महिन्यात, ज्या महिन्यात दुसरीकडून पाच लाख साडेसोळा टक्क्यांनी उचलताय.

हो, साडेसोळा. साडेनऊ नव्हे. फ्लॅट दरात व्याज पाचही वर्षं पूर्ण पाच लाखांवर लागतं, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरीही. हिशेब सोपा आहे: पाच लाखांवर साडेनऊ टक्के म्हणजे वर्षाला ४७,५००, पाच वर्षांत २ लाख ३७ हजार व्याज. हप्ता १२,३०० च्या आसपास. तोच हप्ता घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, मोजला की दर साडेसोळा टक्के निघतो. फाइल चार्ज आणि कर्जसुरक्षा विमा त्यात घुसवला असेल तर आणखी वर.

आता ८०सी, म्हणजे असा हप्ता भरल्यावर मिळणारी करसवलत. तुमचं वार्षिक उत्पन्न बारा लाखांच्या बरंच आत आहे. नव्या करप्रणालीत तुम्हाला कर शून्य आहे. जो कर भरायचाच नाही तो वाचवायला पॉलिसी कशाला?

आणि विमा म्हणून? अशा पॉलिसीत कव्हर बहुधा पॉलिसीच्या वार्षिक हप्त्याच्या दहा पट असतं, म्हणजे पाच लाख. तुमच्या पगारावर चार माणसं आहेत. पाच लाख म्हणजे तुमचा दहा महिन्यांचा पगारही नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर त्यात मुलीचं शिक्षण कसं होणार? तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या निरोगी माणसाला एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) वर्षाला साधारण बारा-पंधरा हजारांत मिळतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. या पत्रात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, की तुम्ही विम्यावर वर्षाला ५० हजार खर्च करताय आणि तरी घर उघड्यावर आहे.

पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. एजंटशी बोलू नका, डीलरच्या माणसाशी तर नाहीच. थेट विमा कंपनीला ईमेल करा, पॉलिसी क्रमांक आणि बँक खातं द्या, पोच जपून ठेवा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि इतक्या दिवसांच्या जोखमीचा थोडा हप्ता वजा होऊन बाकी पैसे परत येतात. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. त्यानंतर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे.

आता कर्ज. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक किरकोळ कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो, तिथे फ्लॅटचा आडोसा चालत नाही. त्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहतात, तेव्हा 'आज सही केली तरच हा दर' या बोलण्याला भुलू नका. तो कागद घ्या आणि तुमचा पगार जमा होतो त्या बँकेत जा.

समजा तिथे घटत्या शिलकीवर १२ टक्क्यांनी मिळालं. पॉलिसीचे परत आलेले ५० हजार डाउन पेमेंटमध्ये घातले की कर्ज साडेचार लाख. चार वर्षांसाठी हप्ता ११,८५० च्या आसपास, एकूण व्याज १ लाख १९ हजार. डीलरच्या कर्जापेक्षा हप्ता कमी, एक वर्ष आधी सुटका, आणि व्याजात जवळपास १ लाख १८ हजारांची बचत. २५ हजारांच्या घासाघिशीच्या जवळजवळ पाचपट. एफडीतले दोन लाख मात्र अडीअडचणीला तसेच राहू द्या.

आता तुमचा प्रश्न. फायनान्स कंपनी डीलरला कर्जामागे कमिशन देते, म्हणून तो भाव आणि कर्ज एकत्रच बोलतो. तुम्ही आधी भाव ठरवा, 'पैसे माझ्या बँकेकडून येतील' म्हणा. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ वर आला, नव्या बलेनोचा भाव उतरला. त्याच मॉडेलचं आजचं ऑन-रोड कोटेशन शोरूममधून घेऊन त्याच्या टेबलावर ठेवा. बोलणं तिथून सुरू करा. जुन्या गाडीवरचा जीएसटी डीलरच्या नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नाही, तेव्हा 'वर १८ टक्के' ऐकून घेऊ नका. 'विमा चालू आहे, ५० टक्के नो क्लेम बोनससकट' हेही किमतीत धरू नका, तो बोनस म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ती जुन्या मालकाची असते, गाडीबरोबर येत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढून ५२ हजार किलोमीटर खरे आहेत का बघा. परिवहनच्या साइटवर आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का, ई-चलन थकलंय का तेही. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत वीस-तीस हजार रोखून धरा.

आमचं कर्ज घेतलं तरच हा भाव, असं तो म्हणाला तर उठून या. बयाणा मागा, लेखी मागा. नाही मिळाला तर ते दहा हजार जाऊ द्या, पण ते वाचवायला त्या कर्जावर सही करू नका.