ड्रम वाढवण्याआधी सुक्या कचऱ्याची उचल ठरवा

बेळगावच्या टिळकवाडीतील आपल्या ४८ सदनिकांच्या संकुलात सुक्या कचऱ्यासाठी जिन्याखाली दोनच ड्रम आहेत, ते दोन-तीन दिवसांत भरून वाहतात आणि जागा नसल्याचे सांगून समिती विषय टाळते, अशी आपली तक्रार आहे. माझ्या मते आणखी ड्रम मागणे ही दुसरी पायरी झाली. सुका कचरा कोण आणि कोणत्या वारी नेणार हे आधी पक्के झाले नाही, तर चार ड्रमही असेच वाहतील. हा कचरा वजनाला हलका असला तरी जागा फार खातो. न मोडता टाकलेली तीन खोकी एक ड्रम अडवून बसतात.

समितीसमोर जाण्यापूर्वी आठवडाभर कचरा वजन करून नोंदवावा. माणशी रोज अर्धा किलो आणि घरटी चार माणसे धरली, तर आपला आकडा ९६ किलोवर जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवून वर्गीकरणाची जास्त जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती. आपण त्या रेषेच्या अगदी काठावर आहात, त्यामुळे वजनाची वही आणि सध्या लागू असलेली अधिसूचना समितीपुढे ठेवल्यास विषय टाळणे अवघड जाईल.

जागेबाबत मात्र मी आग्रही आहे. जिन्याखाली पुठ्ठा साठवणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे, कारण बाहेर पडण्याची वाटच धुराने भरते. कंपाउंडच्या भिंतीलगत दोन-तीन दुचाकींची जागा घेऊन उंच ओटा, वर पत्रा आणि समोर जाळीचे दार एवढे केले तरी पुरे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो हे सांगायला नको. भिजलेल्या पुठ्ठ्याचा भंगारवाला भाव पाडतो किंवा तो उचलतच नाही.

घरोघरी सांगायचे ते थोडेच सांगावे. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो पिशवीलाच लटकता ठेवावा, कारण सुटा तुकडा वेचला जात नाही; रिकामी पिशवी विसळून वाळवून द्यावी. चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने भंगारवाला सहसा घेत नाही, ती वेगळ्या पोत्यात भरून महापालिकेच्या गाडीला द्यावीत. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून निराळे ठेवावेत. विकून आलेले पैसे समितीच्या खात्यात न घेता सफाई करणाऱ्या बाईंना द्यावेत, असे मी सुचवीन. रक्कम किरकोळ असते, पण वर्गीकरण टिकते ते त्यांच्यामुळेच.

महापालिकेकडे अर्ज आपल्या प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकांच्या नावे करावा. तो कन्नडमध्ये लिहून घेतला तर टेबलावर पडून राहण्याचे एक कारण तरी कमी होते. मागणी ‘सोय करावी’ अशी मोघम नसावी. सुक्या कचऱ्याची गाडी कोणत्या वारी, किती वाजता येणार, हे लेखी मागावे आणि पोच घ्यावी. गाडी फाटकाच्या आत येत नसेल, तर जाळीच्या दाराची एक किल्ली वॉचमनकडे ठेवून पोती त्या वेळेपूर्वी फाटकापाशी आणून ठेवण्याचे काम त्याच्या कामाच्या यादीत रीतसर लिहावे.